आधी वक्र, मग नकाशा: इमेजिंग स्पेक्ट्रोमीटरची पहिली फाइल हाताळताना

पहिल्यांदा फाइल उघडणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची गत सारखीच होते. दोन जीबीचं बाड उतरवून घ्यायचं, सॉफ्टवेअरमध्ये ओढून टाकायचं आणि पडद्यावर येतं काय, तर जांभळट-काळं, वाकडंतिकडं, अनोळखी चित्र. बँडच्या, म्हणजे प्रकाशाच्या अरुंद पट्ट्यांच्या, यादीत २८५ ओळी. त्यातल्या कुठल्या तीन निवडायच्या? मग वैतागून माणूस मेनूत जो पहिला वर्गीकरणाचा पर्याय दिसेल तो चालवतो, रंगीबेरंगी नकाशा निघतो आणि रंग छान दिसतात म्हणून त्यावर विश्वासही बसतो. इथेच फसगत होते.

हा लेख त्या पहिल्या फाइलीपुरता आहे. गणित फार लागणार नाही, संयम लागेल. माझा आग्रह एकच: निदान दहा पिक्सेलचे वक्र स्वतःच्या डोळ्यांनी नीट पाहिल्याशिवाय नकाशा काढायला बसू नका.

हे यंत्र करतं तरी काय

साधा कॅमेरा प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे देतो: लाल, हिरवा, निळा. लँडसॅट-८ या उपग्रहाचा मुख्य कॅमेरा नऊ देतो, सेंटिनेल-२ हा उपग्रह तेरा. इमेजिंग स्पेक्ट्रोमीटर दोनशे-तीनशे देतो. आकडा मोठा आहे म्हणून हुरळून जाऊ नका. खरी गंमत ते बँड एकमेकांना खेटून असण्यात आहे. ४०० पासून २५०० नॅनोमीटरपर्यंत मध्ये कुठे खिंडार न पडता मोजणी होते, म्हणून प्रत्येक पिक्सेलमागे तरंगलांबीनुसार परावर्तन दाखवणारा एक सलग वक्र मिळतो. यालाच वर्णपट म्हणायचं.

खेटून असण्याचा फायदा एका उदाहरणात कळतो. सेंटिनेल-२ चा बारावा बँड २२०० नॅनोमीटरच्या आसपास आहे आणि त्याची रुंदी सुमारे १८० नॅनोमीटर. केओलिनाइट ही चिनी मातीतली मुख्य माती २२०५ ला प्रकाश शोषते आणि तिच्याच डाव्या बाजूला २१६५ ला तिची एक छोटी खाच असते. ॲल्युनाइट नावाचं खनिज २१६५-७० च्या सुमारास शोषतं. सेंटिनेलच्या एकाच बादलीत हे सगळं ओतलं जातं आणि ढवळून एक आकडा बाहेर येतो. सात ते दहा नॅनोमीटरच्या बँडमध्ये हीच खनिजं वेगळी ओळखू येतात.

आत रचना अशी असते: जमिनीवरून आलेला प्रकाश एका बारीक फटीतून जातो. फटीमुळे एका वेळी जमिनीची फक्त एक आडवी ओळ दिसते. मग ग्रेटिंग किंवा लोलक त्या ओळीतल्या प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश रंगांमध्ये फाकवतो आणि तो द्विमितीय डिटेक्टरवर पडतो. एका दिशेने जागा, दुसऱ्या दिशेने तरंगलांबी. उपग्रह सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने पुढे सरकतो, ओळीमागून ओळ जमा होते आणि त्यांचा ठोकळा तयार होतो. म्हणून या डेटाला क्यूब म्हणतात.

नवखे लोक हमखास विचारतात की बाकीचे उपग्रह अर्ध्या मीटरचा तपशील देतात, मग इथे पिक्सेल ३० किंवा ६० मीटरचा का? कारण प्रकाश तेवढाच असतो आणि वाटेकरी दोनशे. ३० मीटरची ओळ यंत्राखालून चार-पाच मिलिसेकंदांत निघून जाते. तेवढ्या वेळात आलेला प्रकाश दोनशे भागांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येतो. पिक्सेल लहान करत गेलात तर गोंगाटाशिवाय, म्हणजे आकड्यांतल्या निरर्थक चढ-उतारांशिवाय, हाती काही लागणार नाही.

पायरी पहिली: प्रश्न कागदावर लिहा

कोणता उपग्रह, कोणतं सॉफ्टवेअर हे नंतर. आधी तुम्हाला काय शोधायचंय ते एका वाक्यात लिहा आणि त्या गोष्टीची प्रकाशातली खूण कुठे असते ते शोधा. खूण नसेल तर २८५ बँड असोत की २८५०, उपयोग शून्य.

हिरव्या पानांची खूण सगळ्यात ठळक. हरितद्रव्य ४५० आणि ६७० च्या आसपास प्रकाश गिळतं, ५५० ला थोडा परत करतं, म्हणून पान हिरवं दिसतं. ६८० ते ७५० या पट्ट्यात वक्र एकदम कड्यासारखा वर चढतो. याला रेड एज म्हणतात आणि पिकावर ताण आला की हा कडा किंचित डावीकडे सरकतो. पानातलं पाणी ९७० आणि १२०० ला उथळ खड्डे पाडतं. वाळलेल्या गवतात हरितद्रव्याची खूण जाते आणि सेल्युलोज-लिग्निनची २१०० च्या आसपासची खूण वर येते. लोहाची ऑक्साइडं ८५० ते ९३० च्या दरम्यान रुंद खड्डा करतात: हेमेटाइटचा ८६० कडे, गोथाइटचा त्याच्या उजवीकडे. चिकणमातीची खनिजं २२०० च्या जवळ, डोलोमाइट २३२० ला, कॅल्साइट २३४० ला. जिप्सम १७५० ला. मिथेन वायूची खूण २३०० च्या आजूबाजूला असते, पण ती हवेतली गोष्ट. तिचा रस्ता वेगळा आहे, त्यावर शेवटी येऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य करा. हे यंत्र फक्त वरची कातडी पाहतं. जमिनीवर परावर्तित होणारा प्रकाश मातीत फार फार तर मिलिमीटरभर शिरतो. झाडीखालची माती दिसत नाही, वाळूच्या पातळ थराखालचा खडक दिसत नाही, भूजल तर नाहीच. ‘सोनं दिसतं का?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर पाठ झालंय: सोनं दिसत नाही, सोन्याच्या आसपास गरम पाण्याने खडक बदलला असेल तर त्या बदलातून तयार झालेली खनिजं दिसू शकतात. आणि अशी खनिजं जिथे जिथे असतील तिथे सोनं असेलच असंही नाही.

पायरी दुसरी: कुणाचा डेटा घ्यायचा

या तंत्राची पायाभरणी विमानावर झाली. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत अलेक्झांडर गोएट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना रुजवली आणि १९८७ पासून एव्हिरिस हे २२४ बँडचं यंत्र विमानातून उडू लागलं. अवकाशातला पहिला मोठा टप्पा म्हणजे नोव्हेंबर २००० मध्ये ईओ-१ उपग्रहावर गेलेलं हायपेरियन. त्याचा संग्रह आजही मोफत मिळतो, पण नवख्याने त्यापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पट्टी जेमतेम साडेसात किलोमीटर रुंद, २४२ पैकी वापरण्याजोगे बँड दोनशेच्या आसपास आणि २००० नॅनोमीटरच्या पुढे गोंगाट इतका की खनिजाचा खड्डा कुठला आणि यंत्राची थरथर कुठली ते अनुभवी माणसालाही पटकन कळत नाही. २००० च्या आधीचं काही हवं असेल तर अवकाशातून ते मिळणारच नाही. २००० ते २०१७ मधलं हवं असेल तर मात्र हायपेरियनला फारसा पर्याय नाही.

जाता जाता एक: युरोपचा प्रोबा-१ आणि त्यावरचं क्रिस हे छोटं स्पेक्ट्रोमीटर ऑक्टोबर २००१ मध्ये श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनेच गेलं होतं. पुढे २९ नोव्हेंबर २०१८ ला पीएसएलव्हीने इस्रोचा स्वतःचा हायसिस नेला.

आजचे नवख्याच्या कामाचे पर्याय तीन. इटलीचा प्रिझ्मा, मार्च २०१९ पासून. जर्मनीचा एनमॅप, १ एप्रिल २०२२ पासून. आणि नासाचं एमिट, जे जुलै २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोचलं आणि त्याच्या बाहेर बसवलं गेलं. पहिल्या दोघांचा पिक्सेल ३० मीटरचा, पट्टी ३० किलोमीटरची. एमिटचा पिक्सेल ६० मीटर, पण पट्टी सुमारे ७५ किलोमीटर रुंद. अवकाश स्थानकावरच डेसिस नावाचं जर्मन यंत्रही आहे. त्याचे बँड अडीच नॅनोमीटरच्या अंतरावर, फार सुरेख, पण ते १००० नॅनोमीटरला थांबतं. पाणी आणि पिकं पाहणाऱ्याला ते चालतं, खनिजवाल्याला अजिबात नाही.

सुरुवात एमिटपासून करा. ते मुळात वाळवंटातली धूळ कुठल्या खनिजांची बनलीय हे कळावं म्हणून पाठवलं. लोहयुक्त गडद धूळ हवा तापवते, फिकट धूळ थंड ठेवते, आणि कुठून काय उडतंय याचा हिशेब आधी नीट नव्हता. त्यामुळे खनिजांच्या पट्ट्यात त्याचा दर्जा उत्तम. ३८० ते २५०० हा सगळा पल्ला एकाच स्पेक्ट्रोमीटर आणि एकाच डिटेक्टरवर मोजला जातो, म्हणून मध्ये सांधा नाही. एनमॅप आणि प्रिझ्मामध्ये दृश्य आणि अवरक्त भागांसाठी वेगळी यंत्रणा आहे, आणि ९०० ते १००० च्या दरम्यान दोन्ही जिथे भेटतात तिथे वक्राला कधी कधी पायरी पडते. ती पायरी म्हणजे लोह समजून बसलेले लोक मी पाहिलेत.

एमिटची अडचण स्थानकाच्या कक्षेची. उत्तर-दक्षिण सुमारे ५२ अंशांपलीकडचं त्याला दिसत नाही, आणि एकाच जागेवरून ते दर खेपेला वेगळ्या वेळी जातं. कधी सकाळ, कधी टळटळीत दुपार, कधी कलती उन्हं. दोन तारखांची तुलना करताना सावल्या वेगळ्या असणार हे लक्षात ठेवा. एनमॅप मात्र नेहमी स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी अकराच्या सुमारास जातो.

पायरी तिसरी: योग्य पातळीची फाइल उतरवा

एकाच दृश्याच्या अनेक पातळ्या असतात आणि नावं सारखीच दिसतात. पहिल्या पातळीत रेडियन्स असतो, म्हणजे यंत्रापर्यंत जेवढा प्रकाश पोचला तेवढा. त्यात सूर्य, हवा आणि जमीन तिघांचा हात असतो. दुसऱ्या पातळीत, एल-टू-ए म्हणतात तिच्यात, हवेचा परिणाम वजा करून जमिनीचं परावर्तन काढलेलं असतं. पहिल्या कामाला दुसरी पातळीच घ्या. वातावरणाची दुरुस्ती स्वतः करण्याची हौस असेल तर ती सहा महिन्यांनी भागवा.

नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर मोफत खातं उघडा, एमिट एल-टू-ए शोधा, आपल्या जागेवर चौकट आखा आणि ढगांचं प्रमाण कमी असलेली तारीख निवडा. शक्यतो उन्हाळ्यातली, कोरडी. एका दृश्यामागे तीन फाइली येतात: परावर्तन, अनिश्चितता आणि मास्क, म्हणजे कुठले पिक्सेल वगळायचे ते सांगणारी. लोक पहिली उतरवतात आणि बाकी दोन सोडतात. मास्क सोडू नका. त्यात ढग, पाणी यांच्या जोडीला ‘यान’ असाही एक थर असतो, कारण अवकाश स्थानकाचे स्वतःचेच भाग कधी कधी चित्रात डोकावतात!

जागा मोकळी ठेवा. एक दृश्य १२४२ गुणिले १२८० पिक्सेलचं. गुणिले २८५ बँड म्हणजे सुमारे ४५ कोटी आकडे. प्रत्येक आकडा चार बाइटचा, म्हणजे १.८ जीबी, अनिश्चिततेची फाइल तेवढीच. सगळं एकदम मेमरीत चढवायला गेलात तर साधा लॅपटॉप गुडघे टेकतो. छोटा तुकडा कापून घ्या, २०० गुणिले २०० पिक्सेल शिकण्यासाठी पुष्कळ झाले.

पायरी चौथी: उघडा, सरळ करा, रंग द्या

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात एनमॅप-बॉक्स हे प्लगइन बसवा. ते याच कामासाठी बनवलंय आणि एनमॅप, प्रिझ्मा, एमिट या फाइली ओळखतं. पायथन येत असेल तर एक्सअ‍ॅरे ही लायब्ररी पुरे, आणि नासाने एमिटसाठी तयार नोटबुकं दिलीयत ती वापरा.

एमिटची फाइल उघडताच चित्र तिरकं-वाकडं दिसेल. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. डेटा यंत्राने जसा पाहिला तसाच ठेवलेला असतो आणि कुठला पिक्सेल जमिनीवर नेमका कुठे बसतो याचा तक्ता त्याच फाइलीत असतो. नोटबुकातलं एक फंक्शन तो तक्ता वापरून चित्र नकाशावर बसवून देतं. ते झाल्याशिवाय दुसरा कुठलाही नकाशा त्यावर टाकू नका.

रंगांसाठी लाल ६५०, हिरवा ५६०, निळा ४७० च्या जवळचे बँड निवडा. चित्र ओळखीचं दिसायला लागेल. मग ८५०, ६५०, ५६० लावा. झाडी लालभडक होईल. निवड नेहमी तरंगलांबीवरून करा, बँडच्या क्रमांकावरून कधीच नाही. क्रमांक यंत्रागणिक बदलतो, आणि काही फाइलींमध्ये तर बँड उलट्या क्रमाने, मोठ्या तरंगलांबीकडून लहानीकडे रचलेले असतात.

आकड्यांचं माप तपासा. एमिटमध्ये ०.४ म्हणजे ४० टक्के परावर्तन. एनमॅपमध्ये तेच ४००० असं लिहिलेलं असतं, दहा हजाराने भागायचं. एमिटमध्ये उणे ९९९९ म्हणजे ‘इथे काही नाही’.

पायरी पाचवी: दहा पिक्सेल, दहा वक्र

आता खरं काम. इथे एक अख्खी संध्याकाळ द्या.

चित्रात दहा जागा निवडा ज्यांच्याबद्दल तुम्हाला आधीच माहिती आहे: दाट झाडी, उभं पीक, वाळलेलं गवत, उघडी माती, खडक, खोल पाणी, गढूळ पाणी, मोठं छप्पर, ढग, ढगाची सावली. क्लिक करण्याआधी कागदावर अंदाजे वक्र काढा. हसू नका, खरंच काढा. मग क्लिक करा आणि ताडून पाहा.

झाडीवर क्लिक केलं. निळ्यात तीन-चार टक्के, ५५० ला छोटंसं टेंगूळ, ६७० ला परत खाली, आणि मग तो कडा. ७६० ला पोचेपर्यंत वक्र चाळीस टक्क्यांच्या वर. पुढे पठार, त्यात ९७० ला हलकी चुणी, १२०० ला जरा खोल. १४०० च्या पलीकडे वक्र खाली बसलेला, कारण पानातलं पाणी. हा आकार एकदा डोळ्यात बसला की जन्मभर विसरत नाही.

मातीवर क्लिक केलं. कडा नाही, टेंगूळ नाही. वक्र शांतपणे चढत जातो, ९०० च्या आसपास लोहाने थोडा वाकवलेला, आणि पार उजवीकडे २२०५ ला एक छोटी, टोकदार खाच. ती खाच पहिल्यांदा स्वतः पाहिली तेव्हा मला खुर्चीतून उठावंसं वाटलं होतं. चारशे किलोमीटर उंचीवरून मातीच्या खनिजातल्या ॲल्युमिनियम आणि हायड्रॉक्सिलच्या बंधाची थरथर दिसतेय, दुसरं काही नाही.

स्वच्छ पाणी निळ्यात काही टक्के दाखवतं आणि ९०० नंतर जवळजवळ शून्य. गढूळ पाण्याचं परावर्तन लालपर्यंत वर राहतं. ढगाचा वक्र उंच आणि बराचसा सपाट. सावलीत आकार मूळ जागेचाच, उंची मात्र अगदी कमी, आणि निळ्याकडे जरा जास्त, कारण तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो.

आता वक्रातल्या विचित्र जागा ओळखा. १४०० आणि १९०० च्या भोवती तुटकी जागा दिसेल. तिथे हवेतली वाफ सगळा प्रकाश खाऊन टाकते, जमिनीची बातमी वर पोचतच नाही. एमिट अशा बँडमध्ये उणे ०.०१ भरतं आणि कुठले बँड भरवशाचे याची वेगळी यादी देतं. ७६० ला बारीक काटा दिसला तर तो हवेतल्या ऑक्सिजनचा, ९४० आणि ११३० ला लाटा दिसल्या तर त्या वाफेच्या अपुऱ्या दुरुस्तीच्या. सगळ्या दहा वक्रांत, अगदी छपरावर आणि ढगावरही, एकाच जागी एकच काटा येत असेल तर तो जमिनीचा नव्हे. ही कसोटी साधी आहे आणि तिने मला अनेकदा वाचवलंय.

एकदा मात्र नाही वाचवलं, कारण मी ती केलीच नव्हती. खराब बँड वगळायचे म्हणून मी क्यूबमधून चाळीसेक बँड काढले आणि तरंगलांबीची यादी तशीच ठेवली. झाडीचा कडा बरोबर ७०० ला दिसत होता, म्हणून सगळं ठीक असणार असं धरून चाललो; वगळलेले बँड त्याच्या पलीकडचे होते, त्यामुळे तिथपर्यंत काही बिघडलेलंच नव्हतं. पुढे मात्र सगळं सुमारे ३०० नॅनोमीटर डावीकडे घसरलेलं, आणि २२०५ ची खाच १९०० जवळ. दोन दिवस मी चिकणमातीच्या प्रदेशात चिकणमाती नाही असं छातीठोकपणे सांगत होतो. १९०० ला तर वाफेमुळे काहीच दिसायला नको, तिथे इतकी सुबक खाच कुठून आली, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला असता तर भागलं असतं. तेव्हापासून कानाला खडा: बँड काढले की यादीही त्याच कात्रीने कापायची.

पायरी सहावी: पहिला नकाशा, एकाच खाचेचा

पहिला नकाशा यंत्रशिक्षणाचा नको. एकच खाच घ्या आणि तिची खोली मोजा. २२०५ चंच उदाहरण घेऊ.

खाचेच्या दोन्ही खांद्यांवरचं परावर्तन वाचा. समजा २१२० ला ०.४० आणि २२५० ला ०.४२. दोन्ही खांदे सरळ रेषेने जोडा. खाच नसती तर २२०५ ला या रेषेवरचा आकडा आला असता: १३० नॅनोमीटरमध्ये ०.०२ चढ, म्हणजे ८५ नॅनोमीटरमध्ये ०.०१३, म्हणून ०.४१३. प्रत्यक्षात वाचलं ०.३७२. भागाकार ०.९०. एकातून वजा केला की ०.१०, म्हणजे खाच दहा टक्के खोल. प्रत्येक पिक्सेलसाठी हेच करा आणि आकड्याला रंग द्या. झाला नकाशा. हिशेब एका पिक्सेलसाठी हाताने करून मग सॉफ्टवेअरचं उत्तर ताडून पाहा.

नकाशा काढण्याआधी ढग, पाणी आणि हिरवी झाडी मास्क करा. वाळलेल्या गवताकडे विशेष लक्ष द्या: सेल्युलोजचा २१०० चा खड्डा डावा खांदाच खाली ओढतो, खाच उथळ भासते आणि माती असूनही नकाशा कोरा राहतो. कोरडा हंगाम निवडायला सांगितलं खरं, पण गवताळ प्रदेशात तो आगीतून फुफाट्यात नेतो. तिथे नांगरलेली शेतं शोधा.

पायरी सातवी: ग्रंथालयाशी तुलना

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने प्रयोगशाळेत मोजलेल्या हजारो नमुन्यांच्या वर्णपटांचं ग्रंथालय मोफत ठेवलंय. सातवी आवृत्ती २०१७ ची. त्यातला वक्र उचलून थेट लावू नका. आधी तो तुमच्या यंत्राच्या बँडप्रमाणे बसवून घ्या, एनमॅप-बॉक्समध्ये याची सोय आहे.

तुलनेची जुनी आणि समजायला सोपी रीत म्हणजे वर्णपटांमधला कोन मोजणं. तीनच बँड धरा. एका झाडाच्या पिक्सेलचे आकडे ०.०६, ०.०४, ०.४०. त्याच झाडाचा सावलीतला पिक्सेल बरोबर निम्मा, ०.०३, ०.०२, ०.२०. दोन्ही बाण एकाच दिशेला, लांबी वेगळी, कोन शून्य. मातीचा पिक्सेल ०.२०, ०.२५, ०.३५, झाडाशी त्याचा कोन सुमारे ३३ अंश. उजेड कमी-जास्त झाला तरी ओळख पटते, हा या रीतीचा गुण. दोषही तोच: उंचीची फिकीर नसल्यामुळे काळ्या पाण्याचा नुसता गोंगाट कशाशीही जुळतो. म्हणून गडद पिक्सेल आधीच बाजूला काढा. आणि सगळ्या २८५ बँडवर कोन काढण्यापेक्षा खूण जिथे आहे तेवढाच तुकडा, चिकणमातीसाठी २१०० ते २४००, घेतलात तर निकाल कितीतरी नेमका येतो.

प्रयोगशाळेतली पूड शुद्ध असते. तुमचा पिक्सेल ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० चौरस मीटरचा. त्यात माती, दगड, झुडूप, सावली सगळं नांदतं. ग्रंथालयाशी शंभर टक्के जुळणारा पिक्सेल मिळाला तर मला आधी शंका येते.

पायरी आठवी: स्वतःवर अविश्वास

मोकळ्या डेटावर शिकताना ‘इंडियन पाइन्स’ हे नाव सतत भेटेल. नावावर जाऊ नका, तो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या शेतांचा तुकडा आहे, १९९२ मध्ये एव्हिरिसने टिपलेला, १४५ गुणिले १४५ पिक्सेलचा. त्यावर ९९ टक्के अचूकतेचे दावे ढिगाने सापडतील. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एकाच शेतातले काही पिक्सेल शिकवण्यासाठी आणि शेजारचे पिक्सेल परीक्षेसाठी वापरलेले असतात. हे म्हणजे पेपर फोडून पहिला नंबर काढणं. तुमच्या कामात शिकवण्याची शेतं आणि तपासण्याची शेतं पूर्ण वेगळी ठेवा.

अनिश्चिततेची फाइल आता उघडा. खाचेची खोली त्या बँडच्या अनिश्चिततेइतकीच असेल तर तो पिक्सेल सोडून द्या. एमिटची खनिजांची तयार फाइलही मिळते, ती मुद्दाम शेवटी पाहा. आधी पाहिलीत तर तुमचा हात आपोआप तिकडे झुकेल. आणि जमत असेल तर जागेवर जा. नुसत्या पडद्यावरून निकाल देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, आणि आपला उंट तर चारशे किलोमीटर उंच.

मिथेनबद्दल सांगायचं राहिलं. एमिटने २०२२ मध्ये तुर्कमेनिस्तानात ‘हजार’ नावाच्या शहराच्या पूर्वेला तेल-वायूच्या यंत्रणेतून निघणारे मिथेनचे १२ लोट टिपले, काही ३२ किलोमीटरहून लांब, आणि धुळीसाठी पाठवलेल्या यंत्राला नवंच काम मिळालं. ते वाचून बरेच जण दुसऱ्या पातळीच्या फाइलीत मिथेन शोधायला बसतात. तिथे हवेचा परिणाम काढून टाकलेला असतो, सापडणार काय? त्यासाठी रेडियन्सची फाइल आणि वेगळी पद्धत लागते. तो दुसऱ्या दिवसाचा धडा.

पहिला नकाशा कुणाला पाठवण्याआधी त्याच जागेचं एनमॅपचं दृश्य उतरवा, तेच दहा बिंदू पुन्हा टिपा आणि दोन्ही वक्र एकावर एक ठेवा. खाच दोघांतही २२०५ लाच येते का? डावीकडे २१६५ ची जोडखाच दोघांतही दिसते का? दिसली तर नकाशाच्या सूचीत ‘केओलिनाइट’ लिहा. खाच एकच असेल तर ती मस्कोव्हाइट अभ्रकाची किंवा माँटमोरिलोनाइटचीही असू शकते. अशा वेळी सूचीत जे मोजलं तेवढंच लिहा: ‘२२०५ नॅनोमीटरच्या शोषणाची खोली, टक्के’.